उमेदवार कसा जोखावा? यवतमाळ जिल्ह्यातून केलेली पाहणी

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत बोरी अरबच्या मतदाराला मत नसते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले हे गाव. त्याच्या वतीने त्याचा आमदार मत देतो. महाराष्ट्रातल्या आमदाराच्या एका मताचे मूल्य १७५ धरतात. १९७१च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला २८८ आमदारांनी भागायचे आणि आलेल्या संख्येला पुन्हा हजाराने भागायचे, असा तो हिशेब आहे. गावच्या माणसाच्या वाट्याला उरते ते फक्त मत बनवणे. ते बनते वर्तमानपत्रावर, टीव्हीवर आणि आता हातातल्या मोबाइलवर. एखाद्या उमेदवाराची हवा किती आणि कारकीर्द किती, हा प्रश्न मग दिल्लीपुरता राहत नाही. तो बसथांब्यावरच्या चहाच्या टपरीवरही तितकाच खरा असतो.

या प्रश्नाचा आपल्या मुलखाला सर्वांत जवळून लागलेला प्रसंग २००७ सालचा. १४ जूनला राष्ट्रपतिपदासाठी प्रतिभा पाटील यांचे नाव जाहीर झाले. जन्माने जळगावच्या, सासर अमरावतीचे, आणि १९९१ ते १९९६ या काळात अमरावतीच्या खासदार. शिवसेना त्या वेळी भाजपबरोबर होती, तरी मराठी उमेदवार म्हणून तिने पाटील यांना पाठिंबा दिला. मतदान १९ जुलैला झाले. प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ आणि पाटील यांना ६,३८,११६ मतमूल्य मिळाले.

मधल्या महिन्याभरात वाहिन्यांवर काय चालले होते? एका बाजूला डॉ. कलाम यांनाच पुन्हा संधी द्यावी म्हणून एसएमएसचे कौल घेतले जात होते. दुसऱ्या बाजूला पाटील यांची दोन विधाने रोज दाखवली जात होती: पडद्याची चाल मोगलांच्या आक्रमणामुळे आली हे एक, आणि ब्रह्माकुमारींच्या माउंट अबूच्या आश्रमातला आत्म्याशी झालेल्या संवादाचा अनुभव हे दुसरे. पहिले विधान इतिहासकारांनी खोडून काढले आणि ते योग्यच झाले. पण १९६२ साली सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून विधानसभेत गेलेल्या या बाईंनी पुढच्या पंचेचाळीस वर्षांत काय केले, याला त्या गदारोळात जागा मिळाली नाही. १९६७ ते १९७२ त्या उपमंत्री होत्या. नंतर कॅबिनेट मंत्री झाल्या, १९७९ मध्ये विधानसभेतल्या विरोधी पक्षनेत्या, १९८६ ते १९८८ राज्यसभेच्या उपसभापती आणि २००४ पासून राजस्थानच्या राज्यपाल.

या यादीतही एकच नोंद मला खऱ्या अर्थाने कामाची वाटते. २००६ मध्ये राजस्थान विधानसभेने धर्मांतराविषयीचे विधेयक मंजूर केले आणि राज्यपाल पाटील यांनी ते सही न करता परत पाठवले. राष्ट्रपतीलाही नेमके हेच ठरवावे लागते: समोर आलेल्या कागदावर सही करायची, की तो परत पाठवायचा. त्यांचा निर्णय कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण ज्या पदासाठी उभे राहायचे त्याच जातीचा निर्णय या उमेदवाराने आधी एकदा घेतलेला होता, आणि तो तपासायला उपलब्ध होता. वाहिन्यांनी तो तपासला असता तर प्रेक्षकाला काही हाती लागले असते.

अनुभव तपासायचा म्हणजे उणी बाजूही तपासायची. त्यांच्या नावाने जळगावात निघालेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला. या प्रश्नावर माध्यमांनी आवाज उठवला तो बरोबर होता, आणि मी म्हणेन की तो आत्म्याच्या गोष्टीपेक्षा जास्त वेळ, जास्त बारकाईने उठवायला हवा होता. ठेवीदाराचा पैसा हा कारकिर्दीचाच भाग आहे. राष्ट्रपती झाल्यावर २००९ मध्ये पुण्यात त्या सुखोई विमानातून उडाल्या. ते छायाचित्र आजही लोकांना आठवते. बँक किंवा परत पाठवलेले विधेयक किती जणांना आठवते?

योगायोग असा की पाटील यांच्या उमेदवारीच्याच वर्षी, १० फेब्रुवारी २००७ रोजी, बराक ओबामा यांनी इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डला उमेदवारी जाहीर केली होती. राज्याच्या विधिमंडळात आठ वर्षे आणि अमेरिकेच्या सिनेटमध्ये जेमतेम दोन, एवढीच त्यांची शिदोरी. २००४च्या एका भाषणाने त्यांना देशभर नेले होते, आणि ही नुसती हवा आहे अशी टीका तिकडेही झाली. त्या टीकेला उत्तर देणाऱ्यांना लिंकनचा आधार होता. लिंकन यांच्याकडेही राज्याच्या विधिमंडळातली आठ वर्षे आणि काँग्रेसमधली एकच मुदत होती. त्यांच्या आधीचे जेम्स ब्युकॅनन मात्र प्रतिनिधिगृह, सिनेट, रशिया व ब्रिटनमधली वकिलात, परराष्ट्र मंत्रिपद असे सगळे करून आलेले. दक्षिणेची राज्ये फुटू लागली तेव्हा, त्यांना अडवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे म्हणून ते बसून राहिले. वर्षांची बेरीज करून माणूस कळत नाही, याचा एवढा स्वच्छ दाखला दुसरा नसेल.

मग कशाने कळतो? इथे मला आमच्या जिल्ह्यातल्या कापसाची खरेदी आठवते. जिनिंगच्या फाटकात गाडी लागली की मुरलेला खरेदीदार वरचा कापूस बघतच नाही. वर पांढरा, फुललेला माल लावलेला असणार, हे त्याला ठाऊक असते. तो कोपरापर्यंत हात खुपसून खालचा कापूस काढतो. चिमटीत धरून धागा ओढतो, लांबी बघतो. मुठीत दाबून ओल बघतो. कवडी किती मिसळली आहे ते बघतो आणि मगच भाव बोलतो. उमेदवाराच्या बाबतीत एवढी मेहनत आपण घेतली तर खालच्या थरात काय सापडते, हे बघण्यासाठी याच जिल्ह्यातले वसंतराव नाईक घ्यावेत.

१ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातल्या गहुली या तांड्यावर त्यांचा जन्म झाला. नागपूरला वकिलीचे शिक्षण, मग पुसदला वकिली, पुसद नगरपालिकेचे अध्यक्षपद. १९५२ मध्ये ते जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत गेले आणि रविशंकर शुक्लांच्या सरकारात महसूल खात्याचे उपमंत्री झाले. राज्यांची पुनर्रचना झाल्यावर मुंबई राज्यात आधी सहकार, मग कृषी. महाराष्ट्र झाल्यावर महसूल. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले. बाळासाहेब सावंत यांनी काही दिवस कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला नाईकांचा शपथविधी झाला. ते २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्या डिसेंबरात त्यांची हवा नव्हती. यशवंतराव चव्हाणांसारखे वक्तृत्व नव्हते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे वलय नव्हते, संख्येने मोठ्या जातीचे पाठबळ नव्हते. पण खालच्या थरात एक गोष्ट होती. २७ जून १९६० रोजी सरकारने लोकशाही विकेंद्रीकरणासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद महसूलमंत्री नाईकांकडे दिले. १५ मार्च १९६१ला अहवाल आला. दिल्लीच्या बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवर भर दिला होता; नाईक समितीने विचार करून तो फिरवला आणि जिल्हा परिषद बळकट करा असे सांगितले. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेच्या बाहेर ठेवा, परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी द्या, अशा तिच्या शिफारशी होत्या. त्यावर कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हाधिकारी म्हणजे महसूल खात्याचा जिल्ह्यातला प्रमुख माणूस. महसूलमंत्र्याने आपल्याच खात्याच्या माणसाचा अधिकार कमी करायला सांगावे, ही साधी बाब नाही. मुख्यमंत्री म्हणून हा माणूस कसा वागेल, याचा अंदाज १९६१ सालीच त्या अहवालात वाचता आला असता.

पुढे काय झाले ते कागदोपत्री आहे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. १९६४ साली आलेले संकरित ज्वारीचे वाण शेतकऱ्याने पेरावे म्हणून मुख्यमंत्री स्वतः मागे लागले. १९७२च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमीची कामे निघाली. ती कल्पना वि. स. पागे यांची, १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिलेली. १९७२ सालीच कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि आमच्या भागातला कापूस सरकारी केंद्रावर जाऊ लागला. ती योजना पुढे तोट्यात रुतली.

आणि तरीही वसंतराव म्हटले की लोकांना पहिल्यांदा आठवते ते १९६५ मधले पुण्याचे भाषण: दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, या आशयाचे. ते वाक्य गाजले, आजही गाजते. पण १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो आली आणि मजुरांच्या हातावर सुकडी पडली, हे त्या पिढीला चांगले आठवते. दोन वर्षांची मुदत तेव्हा कधीच उलटून गेली होती. शांत आणि मुरब्बी माणसाच्या कारकिर्दीतही गाजलेले वाक्य वर आले आणि समितीचा अहवाल खाली गेला. मुंबईत शिवसेनेच्या वाढीकडे त्यांनी काणाडोळा केला, म्हणून विरोधक तिला ‘वसंतसेना’ म्हणत. तो आक्षेपही हिशेबात धरलाच पाहिजे.

अनुभवाच्या बाजूने बोलताना सुधाकरराव नाईकांचेही नाव घ्यावे लागते. गहुलीचे सरपंच, यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, आमदार, मंत्री अशा एकेक पायरीने ते १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या मुंबईतल्या दंगलींनी त्यांचे पद गेले. जिल्ह्याचा अनुभव महानगराच्या आगीत पुरला नाही. पद सुटल्यावर जलसंधारणात त्यांनी जे काम केले, ते मात्र याच जिल्ह्याच्या अनुभवातून आले होते.

आता अलीकडचे. २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत विश्वासमताच्या चर्चेत राहुल गांधींनी यवतमाळ जिल्ह्यातल्या जळका गावच्या कलावतीबाईंचे नाव घेतले. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या या बाईंच्या दारात दुसऱ्या दिवसापासून कॅमेरे लागले. २० मार्च २०१४ रोजी पंतप्रधानपदाचे उमेदवार नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडी गावात ‘चाय पे चर्चा’साठी आले. कार्यक्रम देशभर दाखवला गेला आणि दाभडीचे नाव घरोघरी पोचले. एकाकडे तेव्हा खासदारकीची चार वर्षे होती, मंत्रिपदाचा अनुभव नव्हता. दुसऱ्याकडे गुजरातच्या मुख्यमंत्रिपदाची बारा वर्षे होती. अनुभवाचे अंतर मोठे, पण आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला आलेली भूमिका दोन्ही वेळा एकच: मागचा पडदा. दोन्ही प्रसंगी कोरडवाहू कापसाबद्दल या नेत्याने आजवर कोणता निर्णय घेतला आणि त्याचे काय झाले, असे विचारणारा माणूस कॅमेऱ्याच्या चौकटीत नव्हता. दाभडीच्या बाबतीत तर गुजरातही कापसाचे राज्य. तिथला बारा वर्षांचा हिशेब मांडून दाखवता आला असता. मला याचा राग येतो, आणि तो दोन्ही पक्षांइतकाच वार्ताहरांवर येतो.

ही तपासणी सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरची नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २००३ पासून विधानसभा आणि लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांचे शपथपत्र द्यावे लागते. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. विधिमंडळात कोणी काय विचारले याची कार्यवाही छापलेली आहे. ग्रामसभेत खर्चाचा हिशेब मागता येतो. पंधरा मिनिटांच्या चित्रफितीपेक्षा यात वेळ जास्त जातो, हे खरे आहे.

पण कारकीर्द तपासायची तर ती आधी घडायला हवी, आणि इथे मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. ज्या संस्थेची रचना वसंतरावांच्या समितीने केली, त्या यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यातल्या इतर बहुतेक जिल्हा परिषदांचेही तेच झाले. ओबीसी आरक्षण आणि गटरचनेचे वाद न्यायालयात अडकले आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ जिल्ह्याला निवडून आलेला अध्यक्ष नव्हता, दारव्हा पंचायत समितीला निवडून आलेला सभापती नव्हता. शाळेचे छप्पर, आरोग्य केंद्राची औषधे, पांदण रस्ता यांवर चार लोकांसमोर वाद घालून निर्णय घ्यायचा, मग त्या निर्णयाची जबाबदारी घेऊन पुन्हा मत मागायला जायचे, हे शिकायची जागाच बंद होती. त्याच काळात यवतमाळपासून दारव्ह्यापर्यंतच्या चौकाचौकांत भावी आमदारांचे वाढदिवसाचे फलक मात्र लागत राहिले. पुढच्या वेळी बोरी अरबच्या टपरीवर एखाद्या तरुण उमेदवाराचे नाव निघेल आणि कोणी विचारेल की याने आजवर केले काय, तेव्हा त्याला दाखवायला फलकावरच्या फोटोखेरीज काही असेल का, हे या रखडलेल्या निवडणुकांवरच अवलंबून आहे.