कोणाचें गणित अवघड?

गेल्या जूनच्या अखेरीस आमचा पुतण्या अमेरिकेहून सहकुटुंब घरीं आला होता. त्याच्या मुलाला तेथील एसएटी परीक्षेंत गणितांत ८०० पैकीं ७६० गुण मिळाले होते. इकडे माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलीचा सीईटीचा निकाल मनासारखा लागला नव्हता. पंगतींत घरांतील एक वडील गृहस्थ सहज बोलून गेले, "तिकडची परीक्षा म्हणजे आपल्या आठवी-नववीचें गणित, आमच्या पोरीनें दिली असती, तर पैकींच्या पैकीं गुण आणले असते!" मुलाचें यश क्षणांत हलकें झालें, आणि मुलीला आपलें अपयश नव्यानें आठवून ती ताटावरून लवकर उठली. त्या एका वाक्यानें दोन मुलें दुखावलीं. म्हणून परीक्षा अवघड म्हणजे नेमकी काय, याचा थोडा विचार करणें अवश्य वाटतें.

पहिली कसोटी विषयाच्या खोलीची. एसएटींत बीजगणित, टक्केवारी, संख्याशास्त्राची तोंडओळख आणि भूमिति-त्रिकोणमितीचीं मूलतत्त्वें येतात. कॅलक्युलस मुळींच नाहीं, आणि गणकयंत्र आरंभापासून शेवटपर्यंत वापरतां येतें. आमच्या सीईटींत अकरावी-बारावीचा अभ्यास, त्यांत कॅलक्युलस व सदिश, आणि गणकयंत्रास मनाई. जेईई ॲडव्हान्स्डचा प्रश्न तर कित्येकदां तीन-चार प्रकरणें एकत्र गुंफून विचारलेला असतो. येवढ्यापुरतें आमच्या वडील गृहस्थांचें म्हणणें खरें आहे.

दुसरी कसोटी वेळेची, आणि येथें चित्र पालटतें. सीईटींत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावयाचे, म्हणजे प्रश्नामागें १०८ सेकंद. एसएटींत ७० मिनिटांत ४४ प्रश्न, म्हणजे सुमारें ९५ सेकंद. २०२५ च्या जेईई ॲडव्हान्स्डमध्यें प्रत्येक पत्रिकेंत गणिताचे १६ प्रश्न होते. तीन तास तीन विषयांत सारखे वांटले, तर प्रश्नामागें पावणेचार मिनिटें पडतात. जी परीक्षा आपण सोपी म्हणतों, तिच्यांतच घड्याळ अधिक घाई करतें!

तिसरी कसोटी चाळणीची. जेईई ॲडव्हान्स्डच्या सर्वसाधारण गुणवत्ता यादींत येण्यास २०२४ सालीं ३६० पैकीं १०९ गुण लागले. २०२५ सालीं ७४ पुरले. शाळेंत ज्याला नापास म्हणूं, तो आंकडा तेथें पात्रतेचा ठरला. पत्रिका अवघड असली, कीं ती सर्वांनाच अवघड असते. सीईटीचा पर्सेंटाइल हाहि आपण किती जणांच्या पुढें आहों, येवढेंच सांगतो. एसएटींत याच्या उलट. नामांकित महाविद्यालयांकडे अर्ज करणाऱ्या पुष्कळ मुलांचे गुण ८०० च्या जवळपास असतात. म्हणून एखादी लहानशी चूकहि महाग पडते. वस्तूची किंमत २० टक्के वाढून पुन्हां २० टक्के उतरली, तर घाईंतला मुलगा ती मूळ किंमतीवर आली असें लिहितो. वस्तुतः ती ४ टक्के कमी झालेली असते.

शिवाय एसएटी वर्षांत अनेकदां होते, आणि तेथील महाविद्यालयें शाळेची प्रगति, निबंध, इतर कामगिरी हेंहि पाहतात. जेईई ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनदांच देतां येते, आणि पुढचें सारें त्या एका क्रमांकावर अवलंबून राहतें. आमच्या मुलांच्या माथ्यावरचा भार गणितापेक्षां या व्यवस्थेचा अधिक आहे.

त्या संध्याकाळीं दोघां मुलांनीं झोंपाळ्यावर बसून एकमेकांच्या प्रश्नपत्रिका सोडविल्या. तिच्या पत्रिकेंतील कॅलक्युलसपाशीं तो थबकला. त्याच्या पत्रिकेंतील शाब्दिक उदाहरणें सोडवितांना तिला वेळ पुरेना. आम्हां वडील मंडळींना जें समजलें नाहीं, तें त्यांना तासाभरांत समजलें. गुणांची तुलना करावयाचीच असेल, तर ती त्याच परीक्षेला बसलेल्यांशीं करावी. आणि पंगतींत तर ती मुळींच करूं नये.