काढ्याने ताप उतरतो. हिवताप जातो का?

पावसाळ्यात चांदूर बाजार तालुक्यात कोणाला हुडहुडी भरून ताप आला, की अनेक घरांत कडुनिंबावर चढलेली गुळवेल तोडून आणतात, काडेचिराईत घालतात आणि काढा उकळत ठेवतात. काढा कडू असतो, त्यामुळे विश्वासही वाढतो. त्या विश्वासाची ही तपासणी.

गैरसमज १ : काढा घेतला, ताप उतरला, म्हणजे औषध लागू पडले.
वस्तुस्थिती : हिवतापाचा ताप आपोआपही उतरतो. थंडी, ताप, मग दरदरून घाम असा फेरा काही तासांत संपतो आणि व्हायवॅक्स प्रकारात बहुधा एक दिवसाआड परततो. मधल्या बऱ्या दिवसाचे श्रेय काढ्याला मिळते. रक्तातले जंतू तसेच राहतात.

गैरसमज २ : वनौषधी हिवतापावर सिद्ध झाल्या आहेत.
वस्तुस्थिती : सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोटा यांचे ‘आयुष-६४’ हे औषध हिवतापासाठीच तयार झाले होते. व्हायवॅक्सच्या रुग्णांवर क्लोरोक्विन या हिवतापाच्या गोळीशी त्याची तुलना झाली, तेव्हा २८व्या दिवशी क्लोरोक्विन घेतलेले सगळे बरे होते. आयुष-६४ घेतलेले जेमतेम निम्मे.

गैरसमज ३ : गोळ्याही झाडपाल्याच्याच, मग काढा का नको?
वस्तुस्थिती : क्विनीन सिंकोनाच्या सालीतून आले, आर्टेमिसिनिन चिनी वनस्पतीतून. पण ती वनस्पती उकळली की गुण जात होता. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला, तेव्हा औषध हाती आले. त्यासाठी त्यांना २०१५चे नोबेल मिळाले. गोळीत मात्रा ठरलेली असते, काढ्यात नसते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना या वनस्पतीचा चहा किंवा काढा उपचार म्हणून मान्य करत नाही.

गैरसमज ४ : बरे वाटले की गोळ्या थांबवाव्यात.
वस्तुस्थिती : व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनीही ताप परततो. म्हणून तीन दिवस क्लोरोक्विन आणि १४ दिवस प्रायमाक्विन पूर्ण घ्यावे लागते. प्रायमाक्विन गर्भवतींना आणि तान्ह्या बाळांना देत नाहीत. फाल्सिपेरम या दुसऱ्या प्रकारासाठी औषधे वेगळी असतात, त्यामुळे आधी रक्त तपासणे अटळ.

थंडीताप आला, की त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. रुग्ण बरळू लागला, झटके आले किंवा लघवी काळपट झाली, तर काढ्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.