दारिद्र्य आणि वर्षातील रिकामे महिने

आपल्याकडील जुन्या माणसांना 'खावटी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आषाढात कणगी रिकामी झाली की सावकाराकडून धान्य आणावयाचे आणि मार्गशीर्षात सुगी झाल्यावर ते सवाईने वा दिढीने फेडावयाचे, असा तो व्यवहार होता. दिढी म्हणजे एका मणास दीड मण, आणि तेही पाच महिन्यांत. सुगीतून दिढी वजा झाली की पुढील आषाढात कणगी पुन्हा रिकामी होई.

हा व्यवहार केवळ आपल्या मुलखापुरता होता असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः जगातील ज्या ज्या भागांत कोरडवाहू शेतीवर गरीब माणूस जगतो, तेथे तेथे या महिन्यांना वेगळे नाव आहे. आफ्रिकेतील नायजर देशात बाजरी हे मुख्य पीक. तेथे जूनपासून सप्टेंबरच्या सुगीपर्यंतच्या काळास फ्रेंच भाषेतून आलेला 'सुद्यूर' हा शब्द वापरतात. त्याचा मूळ अर्थ डाख, म्हणजे धातूचे दोन तुकडे जोडणारा सांधा. जुन्या पिकास नवे पीक सांधून घेण्याचा हा काळ होय. बांगलादेशाच्या रंगपूर भागात आश्विन-कार्तिकास 'मोंगा' म्हणतात. मलावीत मका एप्रिलच्या सुमारास हाती येतो. म्हणून तेथील कठीण महिने जानेवारी ते मार्च हे असतात. पंचांग निराळे, परंतु संसाराचा हिशेब एकच.

दारिद्र्याचे मोजमाप करताना हा हिशेब बहुधा झाकला जातो. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याविषयी जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात माणशी दररोज २२५० उष्मांक अन्न मिळण्यापुरता खर्च ही कसोटी घेतली होती. ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के लोक त्या कसोटीस उतरत नाहीत, असे त्यांना आढळले. जागतिक बँकेने २०२५ च्या जूनमध्ये आपली रेषा दररोज माणशी ३ डॉलरपर्यंत नेली. निरनिराळ्या देशांतील महागाईतील फरक जमेस धरून ठरविलेल्या या रेषेखाली जगात सुमारे ८० कोटी माणसे आहेत. अतिदरिद्री लोकांपैकी बहुसंख्य खेड्यांत राहतात. हे आकडे मोलाचे आहेत; परंतु ते सरासरीचे आहेत. पोट काही वर्षाच्या सरासरीने भरत नाही. माघात दोन वेळ जेवणारे कुटुंब श्रावणात एक वेळ जेवत असेल, तर सरासरीत ते दीड वेळ जेवणारे ठरते, आणि असे कुटुंब कोणत्याही महिन्यात प्रत्यक्षात भेटत नाही.

हे महिने इतके नडतात ते का, हे नीट पाहिले पाहिजे. सुगीत सर्वांचा माल एकाच वेळी बाजारात येतो व भाव उतरतो. देणे, बी-भरणाचे पैसे, मुलांची फी, लग्नकार्य यांसाठी लहान शेतकऱ्यास तेव्हाच विकावे लागते. चार-सहा महिन्यांनी तोच शेतकरी तेच धान्य चढ्या भावाने विकत घेतो. पश्चिम केनियात मक्याविषयी २०१२ ते २०१४ या काळात जो प्रयोग झाला, त्यात हेच स्पष्ट दिसले. सुगीच्या वेळी थोडे कर्ज मिळालेल्या शेतकऱ्यांनी माल राखून ठेवला व नंतर विकला. त्यांना कर्जाचे व्याज फिटून नफा उरला. एखाद्या भागात पुष्कळांना असे कर्ज मिळाले, तेव्हा सुगी व टंचाई यांच्या भावांतील अंतरच कमी झाले. तेव्हा कर्जदाराचा नफा घटला खरा, पण ज्यांनी कर्ज घेतले नव्हते त्यांनाही भावाचा लाभ मिळाला.

याहून वाईट गोष्ट मजुरीची. धान्य संपते तेव्हाच पेरणी-खुरपणीचे दिवस येतात. मलावीत अशा वेळी गरीब शेतकरी 'गन्यू' म्हणजे रोजमजुरी करण्यासाठी दुसऱ्याच्या रानात जातो. त्याच्या स्वतःच्या मक्यात त्या दिवसांत तण माजते व पुढील पीक घटते. त्याला आळशी म्हणणारे लोक तेथेही आहेत आणि आपल्याकडेही कमी नाहीत. वास्तविक त्या आठवड्यात त्याच्याइतके श्रम दुसऱ्या कोणी केलेले नसतात.

रंगपूरच्या मोंग्यावर जे उपाय झाले, ते शेतकी कार्यकर्त्यांनी अभ्यासावेत असे आहेत. तेथे पावसाळी भाताची लावणी जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि कापणी नोव्हेंबर-डिसेंबरात. मधल्या काळात भूमिहीन मजुरास काम नसते, म्हणून तो येत्या कापणीची मजुरी आगाऊ कमी दराने विकून टाकतो. तेथील भात संशोधन संस्थेने काढलेला 'ब्री धान ३३' हा वाण सुमारे ११८ दिवसांत तयार होतो. नेहमीच्या वाणांहून त्याचे उत्पन्न काहीसे कमी. परंतु त्याची कापणी नेमकी मोंग्यातच येते. त्यामुळे मजुरास काम मिळते, आणि रान लवकर मोकळे झाल्याने बटाट्यासारखे पीक वेळेवर घेता येते. एकरी उतारा हीच वाणाची एकमेव परीक्षा मानणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. तेथेच २००८ साली कुटुंबांना शहरी कामासाठी प्रवासखर्च म्हणून ६०० टका देण्यात आले आणि त्या कुटुंबांचे खाणे लक्षणीय सुधारले. मात्र २०१७ मध्ये तोच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर केला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, व २०१९ मध्ये तो थांबविण्यात आला.

नायजरमध्ये १९९९ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साहाय्याने धान्यतारणाची पद्धत रुजली. शेतकऱ्यांच्या गटाने बाजरीची पोती कोठारात ठेवावयाची. दाराला दोन कुलुपे, एकाची किल्ली गटाकडे व दुसरीची कर्ज देणाऱ्या संस्थेकडे.

आपल्या राज्यात कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून चालविलेली शेतमाल तारण कर्ज योजना याच जातीची आहे. तिचा हिशेब तुरीवरून मांडून पाहू. समजा, जानेवारीत ५ क्विंटल तूर झाली व भाव क्विंटलला ६००० रुपये आहे. मालाची किंमत ३०,००० रुपये. तिच्या ७५ टक्के, म्हणजे २२,५०० रुपये कर्ज मिळाले आणि वर्षास ६ टक्के व्याज धरले, तर सहा महिन्यांचे व्याज ६७५ रुपये होते. म्हणजे जुलैपर्यंत भाव क्विंटलमागे १३५ रुपयांनी चढला की व्याज फिटले. त्यावरील वाढ घरची, आणि ती ऐन पेरणीच्या तोंडी हाती येते. योजनेच्या चालू अटी मात्र आपल्या बाजार समितीत विचारून घ्याव्यात.

भाव चढेलच अशी हमी कोणी देऊ नये. २०१७ साली तुरीचे पीक उदंड आले आणि राखून ठेवलेल्यांचीही निराशा झाली. म्हणून सर्व माल तारण न ठेवता काही विकावा, काही ठेवावा. ठेवावयाची तूर चांगली उन्हात वाळवावी, पोती जमिनीवर व भिंतीला लागून न ठेवता फळ्यांवर रचावीत. भुंगा लागलेल्या तुरीला आषाढातही भाव नसतो.

ज्याच्याकडे तारण ठेवण्यास काहीच नाही, त्याचे काय? १९७२ च्या दुष्काळातून आपल्या राज्यात रोजगार हमीची कल्पना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. परंतु मातीकामे उन्हाळ्यात चालतात, पावसात ती मंदावतात, आणि कणगी तर पावसातच रिती होते. आदिवासी भागांसाठी १९७८ साली खावटी कर्जाची योजना निघाली ती याच जाणिवेतून. २०२० मध्ये तिच्याऐवजी कुटुंबास ४००० रुपयांचे अनुदान, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपाने, देण्याचे ठरले.

गावोगाव कुटुंबांची पाहणी होते तेव्हा जमीन, घर, जनावरे, उत्पन्न यांची नोंद घेतली जाते. त्या तक्त्यात आणखी एक रकाना सहज मावेल: घरचे धान्य गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात संपले? हा प्रश्न घरातील स्त्रीला विचारावा. कणगीच्या तळाशी हात तिचाच आधी लागतो, आणि महिना तिला आठवावा लागत नाही.