मॅक्रोचा हुकूम आणि सामाईक यादी

2024 च्या सप्टेंबरच्या आरंभी हिंगोली जिल्ह्यावर पावसाने जो कहर केला, त्यात कयाधू नदीचे पाणी पात्र सोडून सोयाबीनच्या उभ्या पिकांत शिरले आणि बांधांवरचा चिखल वाळण्यापूर्वीच पंचनाम्यांची धांदल सुरू झाली. अशा प्रसंगी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे मिळून पाहणी करतात. शासनाने या तिघांचीही पदनामे अलीकडे बदलली. चावडीवर मात्र तलाठ्याला अजून तलाठीच म्हणतात. पाहणीतून जी यादी सिद्ध होते, तिच्यात शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, बाधित क्षेत्र आणि बँकेच्या खात्याचा क्रमांक असे रकाने असतात, आणि हल्ली ती कागदावर कमी व संगणकाच्या पडद्यावर अधिक भरली जाते.

अशी यादी तीन ठिकाणांहून तिघे एकाच वेळी भरू लागले, आणि तिला कोणी हौशी माणसाने मॅक्रो जोडून दिला, तर काय होते, हा प्रश्न दिसतो तितका यांत्रिक नाही. मॅक्रो म्हणजे एकदा करून दाखविलेली किंवा लिहून ठेवलेली कृती हुकमासरशी पुन्हा पार पाडणारी आज्ञावली: दुबार नावे काढणे, गावनिहाय क्रम लावणे, क्षेत्राची बेरीज मारणे ही तिची नित्याची कामे. 1983 च्या लोटस 1-2-3 मध्ये ती होती, 1993 मध्ये एक्सेलला तिच्यासाठी नवी भाषा मिळाली, आणि गूगल शीटमध्ये कृती नोंदवून मॅक्रो करण्याची सोय 2018 मध्ये आली. परंतु तिची मूळ कल्पना ज्या काळात रुजली त्या काळी वही एकाची, टेबल एकाचे आणि लेखणीही एकाचीच होती. आपण काम करीत असताना त्याच पानावर दुसरा कोणी लिहीत असेल, ही शंका मॅक्रोच्या गावीही नसते.

समजा, कळमनुरी तालुक्यातील एका गावाच्या यादीत तलाठ्याने मॅक्रोची कळ दाबली. आज्ञावली प्रथम सगळ्या ओळी वाचून स्वतःजवळ घेते, मग त्यांवर संस्कार करते आणि अखेरीस त्या जागच्या जागी पुन्हा लिहून टाकते. वाचन आणि लेखन यांच्यामधल्या त्या चार-पाच सेकंदांत कृषी सहायकाने एका शेतकऱ्याचे बाधित क्षेत्र 40 आरचे 80 आर केले, तर आज्ञावलीजवळ जुने 40 च असल्यामुळे तेच परत लिहिले जाते, आणि नवा आकडा कोणताही इशारा न देता लोपतो. कोणी खोडले नाही, कोणी चूक केली नाही, तरी नोंद गेली. अशा चुकीचा पंचनामा करायचा कोणाच्या नावे?

याचा परिहार शोधताना मला महसुली दप्तराची फेरफाराची पद्धत आठवते. सातबाऱ्यावर कोणी सरळ हात चालवीत नाही. बदल आधी फेरफार नोंदवहीत उतरतो, हितसंबंधीयांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच तो उताऱ्यावर येतो. सामाईक पत्रकातही हेच करावे: प्रत्येकाने मूळ यादी न फिरवता आपापली ओळ एका निराळ्या पानाच्या तळाशी जोडावी, आणि मॅक्रोने त्या ओळी वाचून अंतिम यादी तिसऱ्याच पानावर मांडावी. गूगलच्या आज्ञावलीत शेवटी ओळ जोडण्याची क्रिया अखंड असते. दोघांनी एकाच क्षणी जोडली तरी एक दुसरीवर बसत नाही. ‘लॉक’ची सोयही तेथे आहे, पण ते कुलूप एकाच आज्ञावलीच्या दोन धावांना परस्परांपासून अडविते, माणसाची बोटे अडवायची तर पानाला किंवा रकान्याला वेगळे संरक्षण द्यावे लागते, आणि हा भेद न कळल्याने पुष्कळांची फसगत होते.

एक्सेलमध्ये जुन्या पद्धतीने सामाईक केलेल्या वहीत आधीचा मॅक्रो चालविता येई, परंतु नवा लिहिता किंवा जुना बदलता येत नसे. हे बंधन जाचक वाटले तरी त्यामागे शहाणपण होते. आजच्या सहलेखनात ते बंधन सैल झाले आहे, पण ब्राउझरमध्ये उघडलेल्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालतच नाहीत, त्यामुळे एकाच्या पडद्यावर चालणारी कळ दुसऱ्याच्या पडद्यावर निर्जीव राहते. शिवाय मॅक्रोचे अधिकार चालविणाऱ्याचे असतात, लिहिणाऱ्याचे नव्हेत. म्हणूनच मार्च 1999 मध्ये ‘मेलिसा’ नावाचा मॅक्रो-विषाणू ईमेलवाटे जगभर पसरू शकला. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो आपोआप रोखण्याचा पवित्रा मायक्रोसॉफ्टने घेतला तो 2022 मध्ये, म्हणजे बऱ्याच उशिरा.

राहिला प्रश्न हरवलेल्या त्या 80 आरांचा. एक्सेलमध्ये मॅक्रो चालला की ‘अन्डू’ची यादी पुसली जाते, म्हणून ती वाट बंद. गूगल शीटमध्ये जुन्या आवृत्त्यांचा इतिहास सापडतो खरा, पण आधीची आवृत्ती जशीच्या तशी परत आणली तर त्यानंतर ग्रामसेवकाने भरलेली खातीही तिच्याबरोबर मागे जातात. तेव्हा जुनी आवृत्ती नुसती उघडून पाहावी, तिच्यातली ती एक ओळ हाताने उतरवून घ्यावी, आणि बाजूच्या रकान्यात कोणी, केव्हा उतरवली ते लिहावे.