आधी प्रश्न विचारणारा दुकानदार

सातारा असो वा सांगली, रविवारच्या सायंकाळी शोभेच्या माशांच्या दुकानात जे दृश्य दिसते ते बहुधा एकाच ठशाचे असते. मूल काचेला नाक लावून एखाद्या नारिंगी गोल्डफिशकडे बोट दाखवीत उभे असते, वडिलांचा हात खिशाकडे गेलेला असतो, दुकानातील पोऱ्याने जाळी पाण्यात घातलेली असते. आणि त्या माशाचे खाणे, पाणी, सोबत व आयुर्मान यांविषयी जी पृच्छा खरेदीपूर्वी व्हावयास हवी, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून तिच्या तोंडाला रबर बांधले जात असताना दोन-तीन वाक्यांत उरकली जाते. “आमच्या टाकीत एंजल हायत, त्यांच्यात चालंल का रं ह्यो?” असे वडील विचारतात. “चालतंय की काका, काय हुत नाय, न्या बिनघोर,” असे उत्तर येते. या उत्तरात लबाडी असते असे मी मुळीच म्हणणार नाही. बहुतेक वेळा तो मुलगा आपल्या समजुतीप्रमाणे खरेच बोलत असतो. परंतु ज्या टाकीत तो मासा जाणार ती त्याने पाहिलेली नाही, तिच्यात कोणते पाणी आहे हे त्याला ठाऊक नाही आणि त्याविषयी त्याने चकार शब्दही विचारलेला नाही. म्हणून त्या उत्तराला सल्ला ही पदवी देता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या व्यवहारात विश्वासू माणूस ओळखण्याची एकच खूण मला खात्रीची वाटते, आणि ती म्हणजे उत्तर देण्यापूर्वी तो ग्राहकाची जबानी घेतो की नाही. टाकी किती लिटरची, ती भरून किती दिवस झाले, पाणी नळाचे की बोअरचे, फिल्टर आहे काय, आत आधीपासून कोण राहते, हे चार-पाच प्रश्न जो विचारतो त्याचे पुढचे बोलणे ऐकण्याजोगे असते. जो विचारीत नाही त्याचे ज्ञान कितीही दांडगे असले तरी ते आपल्या उपयोगाचे नसते. आणि जो ग्राहक ही माहिती बरोबर घेऊन जात नाही, त्याला सुज्ञ दुकानदारसुद्धा फारसे साहाय्य करू शकत नाही.

सातारा आणि सांगली ही दोन गावे एकाच कृष्णेच्या खोऱ्यातली म्हणून आपण जोडीने घेतो. परंतु माशांच्या दृष्टीने ते दोन निराळे मुलूख आहेत. साताऱ्यातील कित्येक घरांत कासच्या तलावाचे पाणी येते. जांभ्या खडकाच्या पठारावर पडलेला पाऊस त्या तलावात साठतो आणि फारसे क्षार अंगी न लावून घेता उताराने शहरात उतरतो. असे पाणी स्वभावतःच मृदू असते. उलट सांगली-मिरजेच्या विस्तारित वसाहतींत आणि तेथून पूर्वेस तासगाव, कवठेमहांकाळकडे सरकावे तसतशी विहिरींवर व बोअरवर अवलंबून असणारी घरे वाढत जातात. काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपत येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, साबणाला फेस येत नाही, पाणी तापवण्याच्या भांड्याला आतून पांढरे किटण धरते. हे किटण ज्या घरी दिसते त्या घरच्या माणसाने माशांच्या दुकानात शिरताच ती गोष्ट सांगून टाकावी, कारण पुढची सारी निवड तिच्यावर अवलंबून आहे. मोली, प्लॅटी आणि गप्पी हे मासे अशा जड पाण्यात सुखाने नांदतात आणि पिल्लेही देतात. तीच मोली फार मृदू पाण्यात पर मिटून एका जागी डुलत राहते व हळूहळू खंगते. निऑन टेट्रा व डिस्कस यांचे मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यातील अत्यंत मृदू, किंचित आम्ल पाण्यात आहे. हौदांत पिढ्यान् पिढ्या पैदास झाल्यामुळे त्यांच्यापैकी काही आता काटक झाले आहेत हे खरे, तरी बोअरच्या पाण्यात डिस्कस पाळण्याचा सल्ला जो बेधडक देतो त्याने पाण्याचा विचारच केलेला नसतो.

आपले पाणी नक्की कसे आहे हे अंदाजाने ठरविण्याचे कारण नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याची तपासणी करून मिळते. जडपणा, क्षारांचे प्रमाण आणि पीएच यांचे आकडे असलेला तो कागद घडी करून खिशात ठेवावा आणि दुकानात दाखवावा. कागद पाहून जो विक्रेता आपल्या टाक्यांतील पाणी कोणते आहे हे सांगू लागतो, त्याच्याशी संबंध जोडावा.

गप्पीचा उल्लेख आला म्हणून सांगतो, हा मासा विकत घेण्यापूर्वी जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. त्रिनिदाद व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला हा चिमुकला जीव डासांच्या अळ्या खातो म्हणून 1908 मध्ये हिंदुस्थानात आणला गेला, आणि आजही आरोग्य खाते तो हौदांत व डबक्यांत सोडण्यासाठी पाळते. त्याला दुकानातील गप्पीसारखी रंगीत शेपटी नसते. परंतु नवशिक्याला मासा पाळणे म्हणजे काय हे शिकविण्यास त्याच्याइतका सोशिक गुरू नाही.

आता ज्या एका गोष्टीपायी सर्वांत अधिक मासे मरतात, आणि जिच्याविषयी दुकानात सर्वांत कमी बोलले जाते, तिच्याकडे वळतो. टाकी, पंप, दिवा, रंगीत खडे आणि मासे हे सारे एकाच दिवशी, एकाच पावतीवर घरी आणण्याचा जो दस्तूर पडला आहे तो मुळातच घातक आहे. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, आणि तळाशी उरलेल्या अन्नातूनही, अमोनिया निर्माण होतो. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे काही त्या नायट्राइटचे त्यामानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करीत असतात. परंतु नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. फिल्टरच्या स्पंजावर व तळाच्या वाळूवर त्यांची वसाहत बसावयास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत पाच-सहा गोल्डफिश सोडले तर पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असतानाही विषारी होत जाते, आणि बोअरच्या पाण्याचा पीएच चढा असेल तर तोच अमोनिया अधिक जहाल ठरतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागतात आणि एकेक करून मरतात.

घरचा माणूस घाबरून दुकानात जातो आणि “पाणी बदला” असा सल्ला घेऊन परततो. सल्ला चुकीचा नाही. परंतु थोडेसे बदला, फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्या, हा तपशील सांगितला जात नाही. परिणामी तो माणूस टाकी पालथी घालतो, खडे घासतो, क्लोरिनयुक्त नळाच्या धारेखाली स्पंज पांढरा होईपर्यंत धुतो, आणि मोठ्या कष्टाने जमू लागलेले जिवाणू स्वहस्ते नष्ट करतो. दुसऱ्या खेपेस त्याला निळे औषध मिळते. ते मेथिलीन ब्ल्यू असते, बुरशीवर त्याचा उपयोग आहे, अमोनियावर नाही. तिसऱ्या खेपेस तो नवे मासे घेतो. यात दुकानाचा लाभ होतो असे वाटेल, पण चौथ्या खेपेस तो येतच नाही, टाकी माळ्यावर जाते आणि एक कुटुंब या छंदाला कायमचे मुकते. म्हणून जो दुकानदार “आज टाकी न्या, पाणी भरून फिल्टर चालू ठेवा, मासे मागाहून दोन-दोन करून न्या” असे सांगून हाती आलेली विक्री पुढे ढकलतो, त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. स्वतःच्या गल्ल्याविरुद्ध दिलेला सल्ला हाच त्याच्या सचोटीचा दाखला होय.

पोऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. हा माल मुंबईच्या कुर्ल्याहून, तेथे कोलकाता व चेन्नईकडून, थर्मोकोलच्या खोक्यांत येतो. तो उतरवून घेणारा मुलगा पगारी नोकर असतो, त्याला कोणी मत्स्यशास्त्र शिकविलेले नसते. तथापि दुसऱ्या एका विषयात त्याच्यापेक्षा अधिक कोणालाच ठाऊक नसते: कोणते मासे कोणत्या दिवशी आले, त्यांतले किती मेले, कोणते खात नाहीत. हीच माहिती त्याला विचारावी. “हा मासा कसा आहे?” असे विचारले तर “एक नंबर” हेच उत्तर येणार. “हा माल कधी आला?” असे विचारले तर तो सरळ सांगतो. प्रवासाचा ताण दिसू लागावयास काही दिवस जातात, म्हणून खोके उतरले त्याच दिवशी खरेदी करू नये. आठवडाभर दुकानात टिकलेला मासा घ्यावा, आणि “जरा खाऊ घालून दाखव” असे म्हणावे. पोऱ्या चिमूटभर दाणे टाकतो, सारे मासे वर झेपावतात, एखादा कोपऱ्यात पर मिटून राहतो, एखाद्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. ठिपके दिसले की त्या टाकीतला कोणताच मासा घेऊ नये, कारण हा परोपजीवी जंतू पाण्यातून पसरतो आणि निरोगी दिसणाऱ्याच्या कल्ल्यांतही असू शकतो.

मासा पूर्ण वाढीनंतर केवढा होतो, हा प्रश्न तर कोणत्याही सबबीवर टाळू नये. दुकानात “शार्क” म्हणून जो बोटाएवढा, रुपेरी, चंचल मासा मिळतो, तो पुष्कळदा मेकाँग नदीचा पंगास असतो. ज्याचे काटेविरहित तुकडे हॉटेलांत बासा म्हणून वाढले जातात तोच हा. नदीत तो मीटरभराच्या वर वाढतो. “काच साफ करतो” म्हणून दिला जाणारा सकर फूट-दीड फुटाचा होतो आणि साफ करतो त्याहून अधिक घाण करतो.

कोण कोणाबरोबर नांदेल, याचेही उत्तर “चालतंय की” असे असू शकत नाही. आपल्याच कृष्णेच्या खोऱ्यात खवलचोर नावाचा एक मासा आहे; दुसऱ्या माशांची खवले ओरबाडून खाण्याच्या त्याच्या सवयीवरून मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1952 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन करताना हे मराठी नावच जातिनाम म्हणून कायम केले. दुकानातील टायगर बार्ब एंजलच्या लांब परांना असेच चावे घेतो. याच खोऱ्यातला पट्टेरी लोच, ज्याला शास्त्रात बोटिया स्ट्रायाटा म्हणतात, जगभरच्या टाक्यांत हौसेने पाळला जातो आणि संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत आहे, तो समोर आला तर “पैदाशीचा की नदीतून धरलेला?” असा खुलासा अवश्य मागावा.

अशी माहिती मागणे हे काही नवे फॅड नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. खवल्यांचे व बिनखवल्यांचे, समुद्रातले व नदीतले असे माशांचे वर्ग पाडून, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे याचा त्यात तपशील दिलेला आहे. त्याचा हेतू गळाने मासे धरण्याचा होता. तरीही मासा कोठला आणि खातो काय, ही चौकशी त्याने आधी केली.

कायद्याचा आधार या बाबतीत तोकडा आहे. 2017 च्या मे महिन्यात केंद्र सरकारने मत्स्यालये व शोभेच्या माशांची दुकाने यांसाठी नियम काढले होते. गोल काचभांड्यांत मासे ठेवण्यास त्यांत मनाई होती. पुढे ते नियम मागे घेण्यात आले. ती मनाई मात्र शास्त्राला धरून होती असे मला वाटते, कारण गोल भांड्यात पाणी थोडे, फिल्टरला जागा नाही, आणि गोल्डफिश हा नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगणारा जीव आहे. जाणकारांची उणीव मात्र आपल्या मुलखात नाही. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, घाट उतरल्यावर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, आणि सांगलीच्या विलिंग्डनसारख्या जुन्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकविले जाते. यांपैकी एखाद्या संस्थेने दुकानांतील मुलांसाठी वर्षातून दोन दिवसांचा वर्ग भरविला आणि हजेरीचा कागद दुकानात लावावयास दिला, तर ग्राहकाला कोणाकडे जावे हे आपोआप कळेल. दुकानदारांनीही मुलांचे ते दोन दिवस भरून द्यावेत.

राहता राहिला तो एक प्रश्न, जो पैसे देण्यापूर्वी विचारावयाचा असतो: हा मासा माझ्या टाकीत मावेनासा झाला तर तुम्ही परत घ्याल काय? पुष्कळ लोक असा मासा दयाबुद्धीने नदीत किंवा तलावात सोडून देतात. तिकडे भीमेवर, उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत आता सकर मासे येतात. त्यांच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना भाव नाही. काही दुकानदार वाढलेला मासा आनंदाने परत घेतात, क्वचित बदल्यात लहान मासे देतात. तसे कबूल केल्यास ते पावतीच्या मागे लिहून घ्यावे. आणि नकार आला तर तो मासा न घेता गप्पीची एक जोडी मागावी.