पाणथरीचा पत्ता

प्लीहेला आपल्याकडे पाणथरी म्हणतात. हिवतापात ती सुजली तरच घरात तिचं नाव निघायचं. जर्मनीतल्या माइन्झ शहरात मात्र संशोधक उगुर शाहीन यांचा गट औषध नेमकं या पाणथरीत कसं पोहोचवावं, याच विचारात होता.

कारण तिथे डेंड्रिटिक पेशींची दाट वस्ती असते. या पेशी म्हणजे खबरे. शत्रूचा तुकडा उचलायचा आणि टी पेशींना दाखवायचा, हे त्यांचं काम. कर्करोगाच्या गाठीची ओळख सांगणारा आरएनए त्यांच्या हाती पडला, तर टी पेशी त्या गाठीवर सोडता येतात. पण उघडा आरएनए रक्तात टिकत नाही, तिथली विकरं त्याचा लगेच फडशा पाडतात. म्हणून त्याला स्निग्ध रेणूंच्या नॅनोकणात बसवायचं.

आता कणावर पत्ता कसा घालायचा? अनेकांनी कणाला प्रतिपिंडं चिकटवून पाहिली. माइन्झच्या गटाने २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेली युक्ती इतकी साधी आहे की हेवा वाटावा. स्निग्ध रेणूवर धनभार, आरएनएवर ऋणभार. स्निग्ध जास्त झालं की कण धनभारित होतो आणि उंदराच्या फुप्फुसात जाऊन बसतो. ते कमी करत कण किंचित ऋणभारित केला, की तो पाणथरीत उतरतो. जिन्नस तेच, बदललं फक्त प्रमाण. मला तरी या क्षेत्रातली ही सर्वांत देखणी रचना वाटते.

याच जातीच्या कणांतून न्यूयॉर्कमध्ये विनोद बालचंद्रन यांच्या गटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगावर लस दिली. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीतले जनुकीय बदल वाचून प्रत्येक रुग्णासाठी वेगळी लस बनवली, जोडीला अ‍ॅटेझोलिझुमॅब हे औषध आणि केमोथेरपी. २०२३ मध्ये निकाल आला: १६ पैकी ८ जणांत लसीमुळे टी पेशी जाग्या झाल्या, आणि त्यांचा आजार उलटायला इतरांपेक्षा बराच जास्त काळ लागला. अर्थात १६ माणसांवरून, तेही तुलनेचा गट नसताना, निवाडा देता येत नाही. मुळातच ज्यांची प्रतिकारशक्ती दणकट, तेच लसीला प्रतिसाद देत असतील, ही शंका उरतेच.

शिवाय एक अडचण शरीररचनेतच आहे. स्वादुपिंडाच्या शेपटाकडची गाठ काढताना बहुतेकदा शेजारची पाणथरीही काढावी लागते. म्हणजे कण ज्या पत्त्यावर धाडायचा, ते घरच काही रुग्णांत उरत नाही.

याच लसीची सुमारे २६० रुग्णांवरची मोठी चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात तुलनेचा गट आहे.