सुपरमार्केटची पारख तूरडाळीवर

डी-मार्ट स्वस्त की रिलायन्स, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "घ्यायचंय काय?" साबण, टूथपेस्ट, बिस्किटं किंवा नामांकित कंपनीचा चहा घ्यायचा असेल तर प्रश्न सोपा आहे आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणाही. वस्तू तीच, कारखाना तोच, छापील किंमतही तीच. दुकान आपल्या नफ्यातलं किती सोडतं, एवढाच काय तो फरक. दोन पावत्या शेजारी ठेवल्या की उत्तर मिळतं. माझा जीव रमतो तो धान्याच्या रॅकपाशी, त्यातही तूरडाळीपाशी. तिथे ट्रॉली आडवी लावून मी पाकिटं उजेडात धरत उभी राहते आणि घरची मंडळी ओळख नसल्यासारखी पुढे निघून जातात.

थोडा इतिहास सांगायलाच हवा म्हणून भराभर सांगते. 1948 साली मुंबईत नायगावच्या कामगारांनी सहकारी तत्त्वावर 'अपना बाजार' उभा केला. 1975 च्या गुढीपाडव्याला 'मुंबई ग्राहक पंचायत' सुरू झाली. तिने दुकानच काढलं नाही. सभासदांनी मिळून घाऊक खरेदी करायची आणि माल वाटून घ्यायचा. ग्राहक चळवळीतूनच आमच्या पुण्यात टिळक रस्त्यावर 'ग्राहक पेठ' आली. 2001 मध्ये किशोर बियाणींचा 'बिग बाजार' आला. 2006 च्या 26 जानेवारीला त्यांच्या 'सबसे सस्ता दिन'ला अशी गर्दी लोटली की काही ठिकाणी पोलिस बोलवावे लागले. 2022 मध्ये तो पसारा मिटला. राधाकिशन दमाणींनी 2002 मध्ये पवईत पहिलं 'डी-मार्ट' उघडलं, त्याआधी नेरूळला ते अपना बाजारचीच फ्रँचायझी चालवत होते. गिरणगावातल्या सहकारी दुकानाचा हा धागा थेट शेअर बाजारापर्यंत गेला, हे मला फार आवडतं.

डी-मार्टच्या स्वस्ताईत जादू काहीच नाही. बहुतेक जागा स्वतःच्या, म्हणून भाड्याचं ओझं नाही. एकेका वस्तूचे मोजकेच प्रकार ठेवायचे आणि ते झपाट्याने खपवायचे. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. झगमगाट नाही, जाहिरातही बेताचीच. हे सगळं आपले जुने घाऊक व्यापारी करत आलेच होते. दमाणींनी ते शिस्तीत बसवलं आणि वर छत घातलं.

आता छापील किमतीची गंमत. नामांकित साबणाच्या वडीवरची एमआरपी साबणवाली कंपनी ठरवते, त्यामुळे तिच्यावरची सवलत खरी असते. पण साखळी दुकानाने स्वतःच्या नावाने भरलेल्या डाळीच्या पाकिटावरची एमआरपी कोण ठरवतं? तेच दुकान. वर मोठा आकडा छापायचा, खाली लाल अक्षरांत 'आमचा भाव' लिहायचा आणि मधल्या फरकाला 'तुमची बचत' म्हणायचं! कायद्याने यात वावगं काही नाही. पण पावतीच्या तळाशी 'आज आपण इतके रुपये वाचवले' असं वाचून सुखावणाऱ्यांची मला मौज वाटते. आमचे हे त्यातलेच.

म्हणून मी सवलत बघतच नाही, किलोचा भाव बघते. वेष्टनबंद मालाचे नियम 2021 मध्ये बदलले. ठरावीक वजनाचीच पाकिटं हवीत हे बंधन गेलं आणि त्याऐवजी दर ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा भाव छापणं आलं. तेव्हापासून तेलाच्या पिशव्या बघा. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. शेजारी तेवढीच दिसणारी, पण 850 किंवा 870 ग्रॅमची पिशवी असते आणि ती 'स्वस्त' म्हणून आधी उचलली जाते. दर ग्रॅमचा भाव छापलेला असतोच, फक्त अक्षर मुंगीएवढं. मी चष्मा लावून जाते.

भाज्यांबद्दल फार लिहीत नाही. सकाळी माल उतरतो तेव्हा बऱ्या असतात, संध्याकाळी नसतात, हे सगळ्याच साखळ्यांत सारखं.

तर डाळ. रॅकवर चार पाकिटं दिसतात: साधी, प्रीमियम, अनपॉलिश आणि ऑरगॅनिक. भावातला फरक कधी कधी दीडपट. तो फरक नेमका कशाचा, हे समजून घ्यायला मी मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात गेले. तिथल्या एका व्यापाऱ्याने पोत्यातून मूठभर डाळ काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "ताई, चोळा." चोळली. हाताला पिवळट भुकटी लागली. दुसऱ्या पोत्यातली चोळली, हात स्वच्छ आणि किंचित तुळतुळीत. दुसरीचा भाव जास्त. "घरी कुठली नेता?" मी विचारलं. त्याने पहिल्या पोत्याकडे बोट दाखवलं.

तूर भरडताना तिला तेल-पाण्याचा हात लावून वाळवतात, मग टरफल घासून काढतात आणि दाणा फोडतात. 100 किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते. उरलेली चुनी आणि टरफलं गुरांच्या पेंडीत जातात. डाळ किती अखंड आणि ठसठशीत निघाली, त्यावर प्रत ठरते. नागपूरच्या बाजारभावात 'फटका' आणि 'फोड' यांचे दर वेगळे छापून येतात ते त्यामुळेच. पुढे सॉर्टेक्स म्हणजे कॅमेऱ्याच्या यंत्राने काळा, डागी दाणा उडवून लावायचा. त्यानंतर पॉलिश. या शेवटच्या दोन पायऱ्यांनी डाळ देखणी होते. चव येते ती तुरीच्या वाणातून, मातीतून आणि डाळीच्या वयातून.

हे वय पाकिटावर कुठेच नसतं. तिथे असते ती पॅकिंगची तारीख. तूर निघते डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास. गोदामात उन्हाळा-पावसाळा काढलेली डाळ काल पाकिटात भरली तरी तारीख कालचीच. उष्ण, दमट हवेत साठवलेली डाळ शिजायला हटून बसते आणि आपण गॅसला नाहीतर पाण्याला दोष देतो. गावाचंही तेच. पाकिटावर पत्ता असतो तो भरणाऱ्याचा. आतली तूर मराठवाड्यातली आहे, कलबुर्गीची आहे, म्यानमारची 'लेमन' आहे की मोझांबिकहून आलेली, हे डाळ बघून ओळखणारा माणूस भुसार बाजारात सापडतो, एसी दुकानात नाही.

दरवर्षी नवी तूर बाजारात आली की मी वेगवेगळ्या दुकानांतल्या डाळी समान वजनाने घेते आणि उघड्या पातेल्यात, एकाच नळाच्या पाण्यात शिजवते. मीठ नाही, हळद नाही. कुकर तर अजिबात नाही. कुकरमध्ये सगळ्या डाळी सारख्याच शहाण्या होतात. मग वाट्यांवर आकडे घालून शेजारच्या वहिनींना चाखायला देते. सगळ्यांत चकचकीत डाळ पहिली आलेली मला आठवत नाही. एकाच साखळीची डाळ मात्र एका महिन्यात लोण्यासारखी आणि दोन महिन्यांनी खडूसारखी, असं होतं. मिल बदलली की पाकीट तेच राहतं, आतला माल बदलतो. म्हणून अमुक साखळीची डाळ चांगली असं मी कुणालाच सांगत नाही. एक श्रेय मात्र सगळ्या साखळ्यांना द्यायला हवं: खडा दाताखाली येत नाही. डाळ निवडत बसण्याचं दुपारचं काम बायकांच्या मागून गेलं, हे काही थोडं नाही.

डाळीपायी मी नवापूरलाही जाऊन आले. नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावच्या तूरडाळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाचीही तशीच वाटणी झालेली आहे. मी आधी महाराष्ट्राच्या बाजूला बसले, मग गुजरातच्या. डाळ म्हणाल तर दिसायला साधीच, पण शिजताना वास घरभर. तिच्या नुसत्या वरणावर तूप घालावंसंही वाटेना, आणि हे कोकणस्थाच्या घरात लिहितेय मी!

सध्या माझी वाटणी अशी आहे. साबण, पावडरी, तेल, साखर हे मोठ्या साखळीतून. तिथे भावात कुणी हात धरणार नाही. शेंगदाणे आणि पोहे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, कारण तो चार दाणे तोंडात टाकू देतो. तूरडाळ मार्चमध्ये वर्षाची एकदम भुसार बाजारातून, न चकाकणारी, एरंडेलाचा हात लावून डब्यात. एरंडेलाच्या वासाने सूनबाई नाक मुरडते. तिच्यासाठी अर्ध्या किलोची सॉर्टेक्स पाकिटं वेगळी आणते.